हलगी खोळंबली
फौजेतून निवृत्त होऊन सुभेदार मानसिंग वडूजजवळच्या आपल्या गावी परतले आणि पोरांकडून फौजेच्या भरतीसाठी पळण्याचा सराव करून घेऊ लागले. एखादा निवडला गेला की गावात गुलाल उधळला जाई आणि मिरवणुकीपुढे सुभेदार ताठ मानेनं चालत. जे राहत, त्यांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणत, "पुढल्या भरतीला बघू, गड्या."

यंदा जयराज निवडला गेला, यशराज राहिला. मिरवणुकीच्या दिवशी चौकात हलगी तापत होती, तेवढ्यात सुभेदार यशराजच्या घरी जाऊन आपलं नेहमीचं वाक्य बोलले.

यशराज हसला. ते हसणं काही बरं नव्हतं.

"आबा, वय संपलं माझं. मला कुठली आली पुढली भरती?"

तो आतल्या खोलीत गेला, कडी लावून घेतली.

"निकालापासनं धड जेवत न्हाई, झोपत न्हाई," त्याची आई अंजना म्हणाली. "सकाळी पळायचं बूटबी शेजारच्या पोराला देऊन टाकलं."

आरोग्य केंद्रातल्या मनाच्या आजारांवरच्या बैठकीला सुभेदार चहापुरते गेले होते, पण तिथल्या ताईंचं एक सांगणं डोक्यात राहिलं होतं : पोर जिवाचं बरंवाईट करील अशी शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं ते त्याच्या डोक्यात भरत नाही. ते दाराशी खाली बसले.

"यशा, मरायचं मनात येतंय का रं?"

"आवं आबा, असलं काय बोलताय!" अंजना मधेच म्हणाली.

आतून यशराजचा आवाज आला.

"येतंय."

"सांगितलंस, लय बरं केलंस," सुभेदार म्हणाले. "मी हितनं हलत न्हाई."

इतक्यात रिक्षावाला लियाकत बोलवायला आला. "आबा, चला की! हलगी तापून तापून फाटंल."

"खोळंबू दे. रिक्षा दारात आण. वडूजच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसत्यात आज. यशाला घेऊन जायचंय."

लियाकतनं बंद दाराकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "यशा, तू आबांच्या शेजारी बस गड्या. ते एकटं बसलं तर रिक्षा एका अंगाला झुकतीया."

आतून हुंदका आला की हसू, कळलं नाही. पण कडी निघाली.

दवाखाना येईपर्यंत यशराजनं सुभेदारांची बाही सोडली नाही.