शिटी ज्याच्या तोंडात

पाच वाजून दहा मिनिटांनी कॅप्टन रिफअत स्टॅनलीच्या पुलाजवळ समुद्राच्या कठड्यावर टाच टेकवून पोटरी ताणत होते. गळ्यात निकेलची शिटी लोंबत होती. समोर तीन माणसं उभी होती आणि तिघांपैकी एकालाही तिथं उभं राहायची इच्छा नव्हती.

रमजान चालू होता. मगरिबची, म्हणजे रोजा सोडायची अजान सहा वाजून सहा मिनिटांनी. अलेक्झांड्रियात या तासाला समुद्राकाठच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं असतात: घरी पोचायला उशीर झालेली आणि चरबी जाळायला निघालेली. दुसऱ्या प्रकाराचं शास्त्र सोपं आहे. पहाटेपासून पोटात काही नाही, तेव्हा शरीराला जाळायला चरबीशिवाय उरतंच काय? हे शास्त्र कोणी मांडलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. तासाभरानं कुनाफ्याच्या, म्हणजे तुपासाखरेतल्या शेवयांच्या परातीसमोर बसायचं असल्यामुळे ते सोयीचंही आहे.

कॅप्टन रिफअत ना जहाजावरचे कॅप्टन, ना फौजेतले. मुलांच्या एका सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. इजिप्तमध्ये खेळ शिकवणारा माणूस कॅप्टन होतो आणि मरेपर्यंत कॅप्टनच राहतो. निवृत्तीनंतर मुलं संपली तेव्हा त्यांनी गल्लीतली म्हातारी माणसं गोळा केली.

त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. हाज्ज हमीदोंचं मासे तळायचं दुकान. आयुष्यभर कढईपुढे उभं राहून गुडघे गेलेले. त्यांना कॅप्टन सांगत, "पाय उचल." कस्टममधून निवृत्त झालेले उस्ताज वगदी; त्यांच्या हृदयाच्या नळीत गेल्या वर्षी जाळी बसवलेली. त्यांनाही, "पाय उचल." बर्सूम यांचं मासेमारीचे गळ आणि जाळी विकायचं दुकान, आणि साखरेचं दुखणं पंधरा वर्षांचं जुनं. त्यांना तर कॅप्टन लहानपणापासून हेच सांगत आले होते, कारण दोघं एकाच बाकावर बसलेले.

"चालताना बोलायचं नाही," असा नियम होता. "ज्याला बोलता येतंय, तो चालत नाहीये."

"आणि ज्याला बोलता येत नाहीये, तो मरतोय," वगदी म्हणत. "माझे डॉक्टर म्हणाले, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं चाला. गाणं म्हणता आलं तर वेग कमी, बोलताच आलं नाही तर जास्त."

"तुझे डॉक्टर गाणं शिकवतात की औषध देतात?"

रांगेचाही नियम होता. धडधाकट माणूस पुढे, आजारी मागे. जाळी बसवायच्या आधी वगदी दुसऱ्या जागेवर होते. दवाखान्यातून परत आले तेव्हा हमीदो तिथं उभे होते. "मनाला लावून घेऊ नकोस," कॅप्टन म्हणाले होते, "रांग म्हणजे रांग." बर्सूम कायमचे शेपटीला. शेवटचा आणि सर्वांत मोठा नियम शाळेपासूनचा होता: शिटी ज्याच्या तोंडात, त्याचं ऐकायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

अशा माणसाला दोन वर्षांपासून साखर होती.

हे दोघींना माहीत होतं. एक त्यांची बायको. दुसऱ्या, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या डॉक्टर मदीहा; इजिप्तमध्ये औषधं विकणाऱ्यांनाही डॉक्टरच म्हणतात. पण मदीहांना ते अधिकृतपणे माहीत नव्हतं, कारण कॅप्टन गोळ्या सासूबाईंसाठी नेत असत. सासूबाई वारून सहा वर्षं झाली होती. मदीहा स्वतः दुखवट्याला जाऊन कडू कॉफी पिऊन आल्या होत्या.

रमजानच्या आदल्या दिवशी मदीहांनी गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ठेवली आणि पाकिटांवर हात ठेवूनच विचारलं, "सासूबाई रोजे धरणार?"

"धरणार. एकही सोडला नाही त्यांनी कधी."

"मग त्यांना म्हणावं, आधी डॉक्टरांना भेटा. ही सकाळची गोळी रमजानात तशीच घ्यायची नसते. बहुतेक जणांना ती इफ्तारला घ्यायला सांगतात, कधी कमीही करतात. पहाटे सहरीच्या जेवणाला घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर संध्याकाळी साखर एकदम खाली येते."

"सांगतो."

"आणि चालायला जात असतील तर इफ्तारच्या आधी मुळीच नाही. नंतर जावं. बोट टोचून साखर बघून, खिशात काहीतरी गोड ठेवून. हात कापले, घाम फुटला, तर तिथंच रोजा सोडावा."

"फार हट्टी बाई आहे, डॉक्टर."

"ते दिसतंच आहे," मदीहा म्हणाल्या आणि हात उचलला.

सासूबाई डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. जावयानं गोळी सहरीलाच घेतली. औषध लवकर घेतलं की लवकर कामाला लागतं, असा त्यांचा हिशेब. पहिले काही दिवस निभावलं, त्यामुळे हिशेब बरोबर आहे अशी त्यांची खात्री झाली. कॅप्टन रुग्ण असल्याचं कळलं असतं तर त्यांच्याच नियमानं त्यांना बर्सूमच्या मागे उभं राहावं लागलं असतं. बर्सूमच्या मागे फक्त समुद्राचा वारा होता.

तर त्या संध्याकाळी शिटी वाजली आणि रांग सान स्तेफानोच्या दिशेनं निघाली. वाटेतल्या ग्लीमच्या किनाऱ्यापर्यंत सगळं रोजच्यासारखं. तिथं कॅप्टनच्या कपाळावर घाम आला. थंड वारा सुटला होता, पण कॅप्टनना घाम येणं हे त्यांच्या शिकवणीचाच भाग असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग ते हमीदोंवर ओरडले. मग वगदींवर. मग एका रिकाम्या टॅक्सीवर. तेही रोजचंच. हात थरथरत होते, पण ते नेहमी मूठ नाचवून बोलत, त्यामुळे थरथर कोणती आणि धाक कोणता हे ओळखायची सोय नव्हती. या आजाराचं एक दुर्दैव असं की त्याची निम्मी लक्षणं कवायतीच्या मास्तरांत जन्मजात असतात.

पुढे फुटपाथवर कुणा दानशूरानं गरिबांसाठी इफ्तारची मेजं मांडली होती. मेजांभोवती पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. कॅप्टन थांबले, खुर्च्यांकडे रोखून पाहिलं आणि शिटी फुंकली.

"रांग सरळ करा! तिसरा, मागे हो!"

तिसरी खुर्ची हलली नाही.

"चेष्टा करताहेत," हमीदो हळूच म्हणाले.

"चेष्टा आणि हे? आयुष्यात कधी केलीय?" वगदी म्हणाले.

कॅप्टन मागे वळले. डोळे तिघांच्या पलीकडे कुठेतरी लागलेले. "वगदी," ते मऊ आवाजात म्हणाले, "छान चालतोस रे तू. शाबास."

तिघं जागच्या जागी थिजले. इतक्या वर्षांत या माणसानं शाबास म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बर्सूम शेपटी सोडून पुढे धावले.

"साखर उतरलीय याची! वगदी, धर त्याला, खाली बसव!"

"साखर? कॅप्टनना कुठली साखर?"

"माझ्याकडे बघ ना, मला नाही कळणार? अशीच साखर उतरली तेव्हा मी एकदा गिऱ्हाइकांना फुकट गळ वाटले होते."

कॅप्टनना एका खुर्चीत बसवलं. बर्सूमनी पँटच्या चोरखिशातून कागदात गुंडाळलेले साखरेचे चौकोनी खडे काढले. रोजा धरलेल्या मित्रांसमोर खाणं तर सोडाच, खिसा फुगलेला दिसणंही बरं नव्हे, म्हणून त्यांनी तो खिसा मुद्दाम आतून शिवून घेतला होता.

"तोंड उघड, रिफअत."

कॅप्टननी ओठ घट्ट मिटले. मग दातांतून म्हणाले, "किती वाजले?"

"पाच पंचावन्न," वगदी म्हणाले.

"अकरा मिनिटं. अकरा मिनिटांसाठी रोजा मोडू? मी?"

"आजारी माणसाला मुभा आहे, कुराणातच आहे! नंतर भरून काढा एक दिवस," वगदी म्हणाले.

"मी आजारी नाही."

"पण अकराच मिनिटं आहेत तर..." हमीदोंनी सुरुवात केली. "माझ्या मामाला असंच झालं होतं, त्याच्या तोंडावर पाणी मारलं..."

"मग?"

"मेला. पण नंतर. दुसऱ्या कशानं तरी."

"हमीदो, तू मासे तळ!" बर्सूम ओरडले. "अकरा मिनिटांत हा गिळायचासुद्धा विसरेल. बेशुद्ध झाला की तोंडात काही घालता येत नाही, कळतंय का? रिफअत, आता गिळता येतंय तोवर घे."

"तुझ्या हातून? तू ख्रिस्ती. तुला काय पडलंय रोज्याचं?"

"धर्म वेगळा आहे, गाढवा. साखर दोघांची एकच."

कॅप्टनचं डोकं एका बाजूला कलायला लागलं. ओठ मिटलेलेच. बर्सूमनी एकदा समुद्राकडे पाहिलं, मग कॅप्टनच्या गळ्यातली शिटी ओढून स्वतःच्या तोंडात घातली आणि फुंकली. इतक्या जोरात की पलीकडच्या रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या.

"तोंड उघड!"

शिटी ज्याच्या तोंडात, त्याचं ऐकायचं. का, कशाला, विचारायचं नाही. कॅप्टन ताठ बसले आणि तोंड उघडलं.

पहिले खडे विरघळले, मग आणखी. मेजं मांडणाऱ्या माणसानं न विचारता चिंचेचं सरबत आणून दिलं. अजान झाली तेव्हा कॅप्टनना समोरचा माणूस वगदी आहे हे कळत होतं, आणि त्याला आपण शाबास म्हणालो हेही. ते त्यांना सर्वांत जास्त लागलं.

घरी जायच्या आधी त्यांना नीट जेवायला घालायलाच हवं, असं बर्सूम म्हणाले. म्हणून चौघं तिथंच बसले. कॅप्टन रिफअतनी त्या दिवशीचा इफ्तार गरिबांच्या मेजावर केला: भात, बटाट्याचा रस्सा, कोंबडीचा पाय. वाढणाऱ्या बाईनं त्यांचा घामेजलेला शर्ट बघून जास्तीचा भात घातला आणि म्हणाली, "लाजू नका चाचा, रोज या."

हमीदो हसले नाहीत. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. त्यांनी हसू दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं आणि दुपारपर्यंत सगळा किस्सा अर्ध्या गल्लीला सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन डॉक्टरांकडे गेले आणि तिथून थेट मदीहांच्या दुकानात. नवी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. गोळी कमी केलेली, वेळ इफ्तारची. साखर उतरायची थांबेपर्यंत रोजे बंद, असंही त्यात होतं.

"सासूबाई कशा आहेत?" मदीहांनी विचारलं. गल्लीतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण शिरस्ता म्हणजे शिरस्ता.

कॅप्टननी चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली. "पाकिटावर माझं नाव लिहा," ते म्हणाले. "आणि ते बोट टोचायचं यंत्रही द्या."

मदीहांनी नाव लिहिलं. "अल्ला त्यांना जन्नत देवो," त्या म्हणाल्या. "वारल्यावरसुद्धा दोन वर्षं औषध घेतलं बिचाऱ्यांनी."

उरलेलं चौघांनी मिळून कॅफेत ठरवलं, चार दिवसांनी, डॉक्टरांनी परत चालायला हरकत नाही म्हटल्यावर. कॅप्टननी एक गोष्ट लढून मिळवली: त्यांना कॅप्टनच म्हणायचं. बाकी सगळं बर्सूम म्हणतील तसं. शिटी बर्सूमकडे. ज्याचा पाय सर्वांत हळू तो पुढे, म्हणजे बाकीचे त्याच्याच वेगानं चालतील.

उद्या रांग तरावीहची, रमजानातली रात्रीची जास्तीची नमाज आटोपून रात्री नऊला स्टॅनलीच्या पुलापासून निघेल. सर्वांत पुढे हाज्ज हमीदो असतील, सर्वांत शेवटी कॅप्टन रिफअत, आणि त्यांनी बोट टोचून आकडा बर्सूमना दाखवल्याशिवाय शिटी वाजणार नाही.