समुद्राला दिलेला स्पिंडल

बाबा गेले आणि आईने मरोळच्या एका गाळ्यात काम धरलं. मशीनवरून उतरलेल्या पितळी भागांच्या कडा कानशीने घासायच्या, दिवसभर उभं राहून. संध्याकाळी तिची बोटं भाकरी थापायला वळायची नाहीत, म्हणून आमच्याकडे चहा-पाव हेच जेवण.

त्या गाळ्याचे मालक आप्पा. मालवणकडचे, बुटके, तोंडाने फटकळ. जगात त्यांचं वैर एकाशीच, भंगारवाल्याशी. झिजलेलं ड्रिल असो की मोडका पाना, आप्पा तो विकत नसत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि मग रिक्षाने जुहू. ओळखीच्या कोळ्याची होडी घेऊन आत जायचं आणि नारळासकट समुद्राला द्यायचं.

आई म्हणायची, "आप्पा, वजनावर चार पैसे येतील हो."

"वयनी, जेच्या जिवार पोट भरला, तेका किलोवर इकूचा?"

आमच्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. आप्पा मला त्यांच्या केबिनमध्ये बसवत आणि गाळ्यातला एकुलता पंखा माझ्याकडे वळवत. "शिक गो बाय, नायतर कानस हातात देतंय बघ." स्वतः घामाने निथळत उभे.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी कर्ज काढून परदेशातून धातू कातणारी, कॉम्प्युटरवर चालणारी लेथ मागवली. कस्टमची ड्युटी भरली, कुरकुर न करता. वर्षाच्या आत तिचा स्पिंडल, म्हणजे माल धरून फिरवणारा मुख्य दांडा, जाम झाला. कंपनीने कळवलं: गॅरंटीत आहे, नवा फुकट पाठवतो, जुन्याचा फोटो पुरे, तो परत नको. आप्पांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

खंडेनवमी तोंडावर होती. फुलं वाहिलेला स्पिंडल दोघांनी उचलून रिक्षात ठेवला. रिक्षावाला म्हणाला, "काका, हे कुठले बाप्पा?" आप्पा म्हणाले, "आमचे. हळू चालव."

नवा स्पिंडल विमानाने आला आणि कार्गोत अडकला. आप्पांचा कस्टमचा एजंट सांगायला आला, "ड्युटी लागेल. वर जीएसटी."

"अरे, फुकट दिल्यान तो! पयल्याची भरलंय मी."

"फुकट तुम्हाला. सरकारसाठी त्याला किंमत आहे. सूट मिळते ना, पण जुना दाखवावा लागतो. परत पाठवा, नाहीतर कस्टमवाल्यांसमोर तोडा. कुठाय जुना?"

आप्पांनी जुहूच्या दिशेने हात केला. मग म्हणाले, "समुद्रात."

एजंट हसला. ते हसणं मी अजून विसरलेले नाही. नियम त्याला आधीपासून माहीत होता. कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितला नाही.

ओहोटीला आप्पा जुहूला गेले, आईला घेऊन. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या कोळ्याला जागा विचारत राहिले. तो म्हणाला, "काका, लोखंड काय बोंबील आहे, जाळ्यात यायला?" भेळ खाणारी माणसं बघत होती. आई म्हणते, आप्पा समुद्राकडे बघत होते ते उसनं दिलेलं मागायला आल्यासारखे, आणि त्यांनाच लाज वाटत होती.

ड्युटी भरायला पैसे नव्हते आणि बँक दारात उभं करेना. कार्गोतलं भाडं रोज चढत गेलं. मशीन बंद, ऑर्डर दुसरीकडे गेली. शेवटी स्पिंडल तिथेच सोडून द्यावा लागला आणि बिनदांड्याची ती नवीकोरी लेथ घ्यायला एकच गिऱ्हाईक आलं. भंगारवाला. आप्पांनी तिला हळदकुंकू लावलं, वजन होईपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले, आणि त्याच आठवड्यात गावी गेले. परत आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. नंतर हट्टाने कस्टम ब्रोकरची परीक्षा दिली आणि मरोळमध्येच ऑफिस टाकलं. कुणाचाही बदली पार्ट येणार असला की मी आधी विचारते, "जुना कुठाय? त्याला हात लावू नका." लोकांना मी उद्धट वाटते. वाटू दे.

गेल्या महिन्यात आप्पांच्याच गल्लीतल्या एका गाळेवाल्याचा स्पिंडल आला. जुना त्याच्याकडे कोपऱ्यात पडून होता. नवा मी ड्युटी न भरता सोडवला.