चपला बाहेर

ते माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर होतं. बेल वाजवली की ते दार चार बोटं उघडायचं, फटीतून नजर थेट खाली यायची आणि मग आवाज यायचा, "चपला बाहेर." आलेला माणूस कोण, हे त्यानंतर. एसी दुरुस्त करायला येणारा पठाण बुटांच्या नाड्या सोडत उंबऱ्यावर बसायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "भाईसाब, ये घर है के मस्जिद?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. हातात फारसं काही नसतं, पण नियम भरपूर असतात. हे गृहस्थ हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळत. रुबाब मात्र असा, की बंदरावरची जहाजं यांना विचारून सुटतात. शुक्रवारी सकाळी बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत गेलात, तर जिन्याच्या तोंडाशी हे उभेच. कोणी नेमलेलं नाही, कोणी बोलावलेलं नाही. "लेडीज डावीकडे, जेंट्स उजवीकडे, बूट वेगळे." स्वतःचं दर्शन चटकन आटपायचं आणि मग तासभर लोकांच्या वहाणा सरळ करत बसायचं. मला हा माणूस मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. मीही काही मोठा लागून गेलो नव्हतो. इन्शुरन्सच्या ऑफिसात खुर्ची उबवत होतो. पण मला निदान ते ठाऊक होतं.

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "आपलंच आहे." अब्रा म्हणतात त्या होडीत बसून खाडी ओलांडताना काठावरच्या लाकडी गलबतांकडे हात करून म्हणायचे, "आपलंच आहे हे सगळं. आपल्या सुतारांनी शिकवलंय यांना." एकदा खजूरही आपलाच निघाला. भाड्याच्या घरात, परक्या मुलखात, कंपनीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसानं किती गोष्टींना आपलं म्हणावं, याला काही धरबंध नव्हता.

आणि तो व्हिसाच जायच्या बेतात होता. कंपनी गाशा गुंडाळणार हे इमारतीत सगळ्यांना माहीत झालं होतं. त्यांची मुलगी त्या वर्षी बारावीत जाणार होती. तिचं एक वर्ष इथे पार पडावं, एवढंच वहिनींचं मागणं होतं. नाहीतर जन्मभर दुबईत वाढलेली ती मुलगी ऐन बारावीला सांगलीच्या कॉलेजात जाऊन बसणार होती. वहिनी हे आमच्या हिच्याजवळ बोलून डोळे पुसत. आणि यांचं काय चाललेलं? ईदच्या सुट्टीत कंबोडियाची देवळं बघायची ग्रुप टूर जमवत होते. चार दिवस, बँकॉकमार्गे. "आपलीच देवळं आहेत, शेजारी. हजार वर्षांपासून आपली वाट बघतायत."

मी म्हटलं, या माणसाला अक्कल नाही. मग यादीत एक नाव कळलं आणि म्हटलं, आहे, पण भलत्याच जातीची आहे. जेबल अलीतल्या एका मोठ्या गोदामाचे जनरल मॅनेजर सहकुटुंब येणार होते. सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांच्या हाताखाली स्टोअरची जागा रिकामी होती. म्हणजे देवळं नावाला, दर्शन या देवाचं.

आम्ही दोघंही टूरला निघालो, आणि विमानतळापासूनच ते सुरू झालं. साहेबांची बॅग यांच्या खांद्यावर. साहेबांना खिडकी, साहेबांना पाणी, बाईसाहेबांना लिमलेटची गोळी. ऊन लागायच्या आधीच साहेबांच्या डोक्यावर यांची काळी छत्री. मुलगी कानाला वॉकमन लावून खिडकीबाहेर बघत बसायची. "बाबा, स्टॉप होवरिंग," एवढंच एकदा म्हणाली. मी हिला हळूच म्हटलं, "बघ, आता वारा घालायला घेईल." ही म्हणाली, "तुम्ही आधी मोज्याचं भोक शिवा."

आम्ही सगळे दुबईचे, आम्हाला कसलं ऊन, अशा तोऱ्यात उतरलो होतो. तिथे गेल्यावर कळलं की आम्ही आजवर ऊन फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. तिथली हवा कुकरच्या शिट्टीसारखी अंगावर येत होती. पहिल्या देवळापाशी पोचलो तोवर माझा शर्ट पाठीला चिकटला होता. तेवढ्यात पायरीपाशी आवाज आला, "चपला बाहेर."

तिथला गाइड, एक हसतमुख बारकेला माणूस, म्हणाला, "नो नीड, सर. नो गॉड इनसाइड." ओसाड देऊळ ते. छताला झाडं फुटलेली, गाभाऱ्यात वटवाघळं. जगातले यच्चयावत लोक बूट घालून हिंडत होते. पण आमचे हे हटेनात. सकाळची वेळ होती, दगड अजून तापले नव्हते, आणि यांच्याशी वाद घालण्यापेक्षा बूट काढणं सोपं, म्हणून आम्ही काढले. मी मोजे तसेच ठेवले. "शेजारी, मोजे पण." माझा अंगठा भोकातून आधीच बाहेर आला होता, उरलेला पायही काढला. साहेब हॉटेलात झोपले होते, त्यामुळे तो प्रश्न तिथे आला नाही.

आत भिंतभर कोरीव लढाई होती. रथ, हत्ती, बाणांनी चाळण झालेली माणसं. यांनी लांबूनच जाहीर केलं, "पांडव." मला उकळी फुटली. आपल्याकडे कुठलंही जुनं भोक दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं, तसंच हे. मी मुद्दाम गाइडला विचारलं. तो म्हणाला, "येस सर, कुरुक्षेत्र. पांडव, कौरव." त्या क्षणी यांनी माझ्याकडे जे वळून बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी केवळ माझी जिरवायला एवढा दगड फोडला होता.

दुपारी मोठं देऊळ. आता साहेब आले होते, नवेकोरे पांढरे बूट घालून. बसमध्ये त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं यांना सांगितलं होतं, "परत गेल्यावर ऑफिसात येऊन भेटा. तुमचं काम करून टाकू." वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मुलीनं कानातला वॉकमन काढला होता. काम झाल्यातच जमा होतं.

दगड असे तापले होते की त्यावर पापड भाजले असते. आम्ही पायरीशी उभे, हातात बूट घेऊ की नको अशा विचारात. साहेब सरळ बुटांसकट पायरी चढू लागले. छत्री त्यांच्या डोक्यावर धरून हे बाजूला. आणि आवाज आला, पण हळू, "साहेब, चपला बाहेर."

साहेब हसले. "अहो, पाय भाजतील. आणि आत देव कुठे आहे? रिकामं आहे सगळं."

वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना." मुलगी म्हणाली, "बाबा, लीव्ह इट. प्लीज."

मला खात्री होती, आता हा माणूस शेपूट घालणार. त्याचं वाक्यही मी मनात तयार करून ठेवलं होतं, साहेब, तुमचे बूट नवेच आहेत, चालतील. ते ऐकायला मी दोन पावलं पुढेसुद्धा सरकलो.

ते म्हणाले, "देव गेला असेल, साहेब. देऊळ आहे ना."

"म्हणजे तुम्ही मला आत सोडणार नाही?"

"सोडणारा मी कोण? आपलंच आहे. पण चपला बाहेर."

साहेब आणखी एकदा हसले, पण ते हसणं वेगळं होतं. बाईसाहेबांना घेऊन ते बसकडे वळले. यांनी मागे धावत जाऊन छत्री त्यांच्या हातात दिली, "ऊन आहे, घेऊन जा." आणि स्वतः उघड्या टकलानं त्या दगडांवरून टुणटुण उड्या मारत वर गेले. रुबाबाचा मागमूस नाही, नुसता बेडूक. मागून आम्हीही तसेच. एवढं झाल्यावर बूट घालून कोण जाणार? वर गाभाऱ्यात अंधार होता, वटवाघळांचा वास होता, देवाच्या जागी खड्डा होता. हे हात जोडून त्या खड्ड्यासमोर उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गार आहे इथे."

दुबईला परतल्यावर साहेब कायम मीटिंगमध्ये असत. हे तीनचारदा जेबल अलीला जाऊन आले, मग जायचे थांबले. व्हिसा खलास झाला. सामान गेलं. निघायच्या दिवशी मी मुलीची बॅग लिफ्टपर्यंत नेली. ती म्हणाली, "अंकल, यू सॉ हिम. ही कुड हॅव जस्ट केप्ट क्वाएट." मी म्हटलं, हो. खरं तेच होतं. ती आणि वहिनी टॅक्सीत जाऊन बसल्या.

हे मात्र नळ बघून येतो म्हणून परत वर आले. घरमालकाचे रंगारी केव्हाच कामाला लागले होते. जमिनीवर वर्तमानपत्रं, चुन्याची ढेकळं, बुटांचे पांढरे ठसे. यांनी दारात वाकून चपला काढल्या. रंगारी म्हणाला, "सेठ, क्यूँ उतारते हो? घर तो खाली है." हे अनवाणी आत गेले, नळ बघितले, देव्हाऱ्याच्या खिळ्यावरून बोट फिरवलं, पायाला चुना घेऊन बाहेर आले, चपला घातल्या आणि माझ्याशी हात मिळवून लिफ्टनं खाली गेले. तेव्हाही नजर आधी माझ्या पायांकडेच.

मूर्ख माणूस. इतका मूर्ख माणूस मी पाहिलेला नाही, आणि याबाबतीत माझं मत आजही बदललेलं नाही.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मोरीतला दिवा चालूच राहिलाय. घालवायला मी त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि थांबलो. पोटामुळे मला माझ्या नाड्या दिसत नाहीत, चाचपडत सोडाव्या लागतात. रंगारी ब्रश हातात धरून बघत होता. मी बूट काढले, भिंतीला लावून सरळ ठेवले, आणि मग आत गेलो.