बोडी बुजवली तेव्हा

आमच्या घरात माणसांची कमतरता कधी पडली नाही. आंबागडच्या बाजूचं आमचं गाव. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांची दोन मुलं, काकांचा एक, आणि वडील लवकर गेल्यामुळे आमच्या वाटचा मी एकटाच. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास आम्ही चौघंही पाठोपाठ लग्नाला आलो. शेवटच्याचं ताट वाढेपर्यंत पहिला हात धुवून मोकळा व्हायचा. मला ती गर्दी फार आवडायची, अजूनही आवडते.

शेत मात्र आजोबांच्या वेळी होतं तेवढंच होतं. वाटण्या होत होत बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, एवढ्या लहान झाल्या की बैलजोडी वळवताना शेजारचं धान तुडवलं जायचं. शेताच्या माथ्यावर आमची बोडी होती, पावसाचं पाणी साठवायचं लहानसं तळं. मोठेबाबा तिच्यात हौसेनं शिंगाडे लावत, घरातली मासोळी तिथूनच यायची. त्या बोडीवर आम्हा सगळ्यांचा डोळा गेला. बुजवली तर चार नव्या बांध्या निघत होत्या, चौघांना एकेक. आणि कालवा येणार, हे तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मोजणी माझ्याकडे आली, कारण बारावीपर्यंत मीच शिकलो होतो. टेप घेऊन मी मोठ्या ऐटीत बोडीच्या पाळीवरून, काठच्या बांधावरून, फिरत होतो. आई डबा घेऊन आली. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती थेट बोलत नसे, आमच्याकडची रीतच तशी. ती मला सांगायची, मी तेच पुन्हा बोलायचो, मग मोठेबाबा उत्तर द्यायचे. दोघं चार हातांवर उभे असले तरी मधला निरोप्या मीच.

"विचार तुह्या मोठेबाबाले," आई म्हणाली, "पावसाचं पानी मधातच थांबलं तं लोंबीले कोठून देता म्हना."

मोठेबाबांनी ऐकलं होतं. मी बोलेन म्हणून ते माझ्याकडे पाहत थांबले. मी बोललोच नाही. मला नवी बांधी दिसत होती. टेपचं टोक ओढत मी पुढे गेलो. त्यांनी तंबाखू मळली, आई डबा ठेवून घरी निघून गेली आणि त्याच उन्हाळ्यात बोडी बुजली.

पहिली दोन वर्षं त्या गाळाच्या मातीत धान असं आलं की आम्ही आईला चिडवायचो. तिसऱ्या वर्षी लोंब्या निसवायच्या वेळी पाऊस गेला. एक पाणी हवं होतं, फक्त एक. कालव्याचा पत्ता नव्हता. नव्या बांध्यांबरोबर जुन्याही वाळल्या, सगळीकडे पोचट लोंब्या उभ्या. वर्षाचा तांदूळ गेला, कापून आणलं ते बैलांपुढे टाकलं. आई एका शब्दानं मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोठेबाबांनीही कोणाला दोष दिला नाही. आम्हा चौघांना अंगणात बसवून म्हणाले, "बोडी पुन्हा खोदा लागते. कोनाच्या बांधीत खोदाची, तुमीच सांगा."

सातबाऱ्यावर आता चार वेगळी नावं होती. आतून लहान पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. खोदायची तर जिथे पाणी उतरून येतं त्या खोलगट भागातच, आणि तो माझ्या वाट्याला आला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बिनबापाचा म्हणून माझं नाव कोणी घेतलं नाही. इतकी भली माणसं मला पुन्हा भेटायची नाहीत.

"येत्या साली पाहू," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठेबाबा "बरं" म्हणाले.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या "पाहू"ची मला लाज वाटते. त्या खोलगट बांधीत मी अजून धानच रोवतो, आणि माझी दोन मुलं ती मधून वाटून मागतात.