माईंच्या अंघोळी

८ फेब्रुवारी २००६. बाथरूमच्या छताला बुरशी धरली होती, ती मी स्टुलावर चढून घासत होते. घरमालकीणबाईंचं म्हणणं, तुम्ही ल्यूफ्टन करत नाही, खिडक्या उघडत नाही. आम्ही उघडत होतो. बुरशी आली ती माझ्या सासूबाईंच्या, माईंच्या अंघोळींमुळे. जर्मनीत, डार्मश्टाटच्या त्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ साठलेला असताना, माई रोज डोक्यावरून पाणी घेत. कधी दिवसातून दोनदा.

माई विसरायला लागल्या, म्हणून आम्ही त्यांना पुण्याहून इकडे आणलं. सामानात जुन्या फोटोंची आणि पोस्टकार्डांची एक पिशवी होती. बर्फात बाहेर पडणं बंद झालं, तशी रोज दुपारचा चहा झाला की ती टेबलावर उपडी व्हायची. माई एकेक फोटो माझ्यापुढे धरून विचारत, "हा कसा आहे गं?"

मी खरं ते सांगत असे. "दादाकाका ना? ते गेले, माई."

त्या पदर खोचत आणि अंघोळीला उठत. "निरोप कानावर पडला की आधी पाणी, मग रडणं," हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी दादाकाका पुन्हा जायचे.

आज हे सांगताना माई नाहीत. जीभ मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. माझा लग्नातला फोटो पाहून म्हणाल्या, "ही हडकुळी कुणाची?"

"मीच ती, माई."

"हो का? मग आमच्या घरचं अन्न अंगी लागलं म्हणायचं."

जानेवारीत त्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, केस ओले राहता कामा नयेत, पुढच्या वेळी निभावणार नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, आता या पिशवीतलं कुणी मरायचं नाही. दादाकाका सुधारले. सासरे कामासाठी नागपूरला गेले.

आमच्या ह्यांना ते पटलं नाही. "बाबांबद्दल तू आईला खोटं सांगतेस?"

"मग खरं तुम्ही सांगा. आणि केसही तुम्हीच पुसा."

एकीबद्दल मात्र खोटं बोलावं लागत नसे. माईंची धाकटी बहीण, कुसुममावशी, मिरजेला खरोखरच धडधाकट होती. तिची कार्डं माई मोठ्यांदा वाचत. "पत्र पोचताच उत्तर पाठव, जीव टांगणीला लागला आहे." कार्ड माझ्या लग्नाच्याही आधीचं असे, तरी माई माझ्यावरच ओरडत, "अगं, उत्तर राहिलं ना तिचं!" मग मी फोन लावून देई. दोघी तेच ते बोलत आणि हसत. घरात हसू तेवढंच.

बुरशी घासून मी खाली उतरले आणि मिरजेहून फोन आला. मावशींचा मुलगा होता. मावशी सकाळी गेल्या.

"कुणाचा गं?" माईंनी टेबलापाशी बसूनच विचारलं.

"राँग नंबर."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. बूटसुद्धा न काढता ते दारातच बसले. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी मी घेतलं. मी असलं काही मानत नाही, पण घरातल्या कुणीतरी घ्यायला हवं होतं. बाहेर आले तर माई समोरच उभ्या. माझ्या ओल्या केसांकडे पाहून म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कुणी नाही. केस धुतले नुसते."

"मग कुसुमला फोन लाव. किती दिवसांत बोलले नाही."

मी आमचाच नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. एंगेज.

"बोलत बसली असेल कुणाशी तरी," माई म्हणाल्या. "थांबते मी."

रिसीव्हर त्यांच्याच हातात ठेवून मी चहा टाकायला गेले.