काशिनाथच्या पायातले बूट

भूत, करणी, अंगात येणं – असलं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. मी वकील आहे. समोरचा काही बोलला की "पुरावा काय?" हेच आधी तोंडात येतं, घरचे या सवयीला जाम वैतागलेत. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते… पण मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या कोर्टात माझी नवीनच प्रॅक्टिस. सुरगाण्याकडच्या डोंगरातला काशिनाथ माझा पक्षकार. वनजमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करा म्हणून मोर्चे काढायचा. एका मोर्च्याच्या तोंडावर पोलिसांनी त्याला बुधवारच्या आठवडे बाजारातून उचललं. घरी कळवलं नाही, अटक दाखवली नाही. ठाण्यात फोन केला की एकच उत्तर – "मॅडम, असा कुणी माणूस इथे नाही." भर बाजारातून नेलात आणि नाही म्हणता? मी अक्षरशः किंचाळले. वरिष्ठांना तारा केल्या, हायकोर्टात जाईन म्हणून धमकावलं, तेव्हा कुठे रविवारी निरोप आला – "कालच अटक केलीय, आज हजर करतोय."

सुट्टीचं कोर्ट. आवारात फक्त पोलिसांची जीप. काशिनाथची आई सोनीबाई आणि बायको एसटीने आल्या होत्या. डोंगरातल्या माणसांची एक सवय – कोर्टाच्या दाराशी चपला काढायच्या, देवळात जावं तसं. मी नेहमी ओरडायचे, "अहो, हे देऊळ नाही, चपला चोरीला जातील!" त्या दिवशीही ओरडणार होते, तेवढ्यात सोनीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांच्या पायांचे तळवे दिसले. टम्म सुजलेले. त्यावर काळेनिळे वळ… काठीचे.

"मावशी, तुम्हालाही मारलं त्यांनी?" माझा आवाज चढला.

"मला कोण मारतंय बाई. मी घरीच व्हते. शुक्रवारी भाकरी थापत व्हते, न् एकदम तळव्यावर काठी बसली. मग दुसरी. लय बसल्या."

"अहो, पण मारणारा कोण?"

"कुणीच नव्हतं," सून म्हणाली. "मी समोरच व्हते ना. आत्याबाई ओरडायच्या, न् वळ उठायचे. माझ्या डोळ्यांदेखत."

मी चिडलेच. इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि यांचं हे काय चाललंय! पोलिसांना आणखी कोठडी मिळाली तर काशिनाथ जिवंत परत येईल याची खात्री नव्हती, आणि माझ्या हातात मारहाणीचा पुरावा शून्य.

मग त्याला आणलं. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही. पायात नवे काळे बूट. दोन्ही बाजूंनी पोलीस दंड धरून. तसाच आत गेला. सोनीबाईंनी माझा काळा कोट ओढला.

"बाई, माझा पोऱ्या बूट घालून कोर्टात जायचा नाय. त्याच्याकडं बूटच नायत."

मी तशीच आत धावले.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

काशिनाथने शेजारच्या फौजदाराकडे पाहिलं. "नाही."

फौजदाराने आणखी कोठडी मागितली. मी उठले. "सर, आरोपीला बूट काढायला सांगा."

"त्याची काय गरज?" फौजदार लगेच म्हणाला. इतका लगेच, की साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"काढ रे."

काशिनाथला वाकताच येईना. शिपायाने बूट ओढले तसा तो कळवळला. मोजे कातडीला चिकटलेले. साहेब खुर्चीवरून उठून खाली आले, वाकून बघितलं. मीही बघितलं. टाचेजवळ एक तिरपा वळ, बोटांखाली दोन जाड… तेच वळ, त्याच जागी. मघाशी व्हरांड्यात पाहिलेले. अंगावर सर्रकन काटा आला.

पोलीस कोठडी नाकारली. आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी, मग न्यायालयीन कोठडी – म्हणजे जेलच, पण मारणाऱ्यांच्या हातातून सुटका. माणूस वाचला! मी बाहेर येऊन रडले, खोटं कशाला सांगू. सोनीबाईंनी माझा हात घट्ट धरला. "त्याला माझ्या पायाचं सांगू नका बाई. मोर्चे सोडून देईल. माझी शपथ हाय."

नाही सांगितलं. तो जामिनावर बाहेर आला, पुढे केसमधूनही सुटला. मोर्चे चालूच राहिले.

काही वर्षांनी सोनीबाई गेल्या. दहावं झाल्यावर काशिनाथ माझ्या ऑफिसात आला. चहा घेता घेता म्हणाला, "बाई, हे कुणाला बोललो नाय. त्या शुक्रवारी पहिल्या काठ्यांना वाटलं, आता जीव जातो. मग लागायचंच बंद झालं. काठी दिसायची, आवाज यायचा… पण लागत नव्हतं; दुखायला लागलं ते मार थांबल्यावर. असं होतं का हो?"

सोनीबाई राहिल्या नव्हत्या. मी शपथ मोडली, सगळं सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हातारी कायम लंगडायची. विचारलं की म्हणायची, काटा मोडलाय. पाय दाबायला बसलो की पटकन लुगड्याखाली ओढून घ्यायची. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय." आणि तो एवढा मोठा माणूस माझ्यासमोर हमसून हमसून रडायला लागला.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं; तिने विषयच बदलला. पुरावा काय म्हणाल, तर नाही. स्पष्टीकरण तर आजही नाही… काशिनाथ जायला उठला तेव्हा पाहिलं, चपला त्याने माझ्या ऑफिसच्या दाराबाहेरच काढल्या होत्या. या वेळी मी ओरडले नाही.