पाइपवाले नाकेदार

"एक सिगरेट थांबा," असं म्हणून ते काडी ओढायचे आणि रस्त्यावरची बैलगाडी जिथल्या तिथं उभी राहायची.

हे आमचे नाकेदारसाहेब. मोगलाईतून इंग्रजी हद्दीत जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात घ्यायला निजाम सरकारनं वाटेवाटेवर नाके बसवले होते. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. आमचा नाका तामलवाडीच्या शिवारात, सोलापूरच्या रस्त्यावर. एक पत्र्याची खोली, मागं जप्तीचा माल ठेवायची कोठी, रस्त्यावर आडवा बांबू आणि एक लिंब, एवढाच सरंजाम. साहेब नाक्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा मुन्शी. मी तेरचा. उर्दू चांगलं लिहायचो म्हणून विशीतच चिकटलो.

साहेबांची तपासणी सिगरेटीवर चालायची. पेटवली की गाडीभोवती फेरी, पोत्यात सळई, गाडीवानाला पाऊसपाणी विचारणं. सिगरेट संपली की तपासणीही संपली. थोटूक टाचेखाली दाबून ते म्हणायचे, "जाऊ द्या गाडी," आणि मी बांबू उचलायचा. गूळ असो, लुगडी असोत, नाहीतर वऱ्हाड असो, वेळ तेवढाच. गाडीवान बैलसुद्धा सोडत नसत. एका सिगरेटीपुरतं कशाला सोडायचे?

साहेब बिदरकडचे. घरात दखनी बोलायचे आणि मराठी शिकले ते सगळं गाडीवानांच्या तोंडून. अदब मात्र दरबारी होती. एकदा तुळजापूरहून दर्शन करून निघालेल्या एका घरंदाज बाईंना ते हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, मेहेरबानी करून जरा मागं सरा की च्यायला." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. तो शब्द शिवीचा आहे हे साहेबांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या माळावर आम्हाला दुसरी करमणूक काय होती?

तर जितक्या गाड्या तितक्या सिगरेटी. बाजाराच्या दिवशी त्यांची छाती वाजायची ती लिंबाखाली बसलेल्या माणसाला ऐकू यायची. अखेर एका हिवाळ्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, सिगरेट सोडा नाहीतर पोरींची लग्नं दुसऱ्या कुणाला करावी लागतील. दोन मुली होत्या त्यांना. बेगमसाहेबांनी काय करावं? धाकटीला पुढं उभी केली, तिच्या डोक्यावर साहेबांचा हात ठेवला आणि कसम घातली, सिगरेटीला पुन्हा तोंड लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हे मला इतकं गंभीरपणे सांगितलं, की मला वाटलं वरून हुकूमच आला.

पुढचे आठ दिवस नाक्यावर कुणाचं काही खरं नव्हतं. साहेब लवंग चघळत, बडीशेप खात, वेलदोडे खात. तलब काही जाईना. हात सारखा खिशाकडं. खिशात सिगरेटींचा एक न फोडलेला डबा होता, तो ते नुसता चाचपत. तपासणी कधी संपली हेच त्यांना कळेना. हरभऱ्याच्या एका गाडीभोवती ते इतक्या फेऱ्या मारत राहिले की बैलच बिचकले. शेवटी माझ्याकडं बघून केविलवाण्या आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, झाली का हो तपासणी?" झाली म्हटलं. मग गाडी सुटली.

त्याच आठवड्यात लढाईवरून रजेवर आलेला एक फौजी नाक्यावर थांबला. त्याच्या सामानात एक पाइप निघाला, काळपट लाकडाचा, दांडीला दातांच्या खुणा असलेला. कुण्या गोऱ्या साहेबानं दिलेला म्हणे. साहेबांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. फौजी म्हणाला, ह्याचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा, तलब भागते. साहेबांनी खिशातला डबा काढला आणि त्याच्यापुढं धरला. अदलाबदल झाली. माझ्या तोंडाकडं बघून ते म्हणाले, "कसम सिगरेटीची हाय, मुन्शीजी. ह्याची न्हाय." करोडगिरीचा माणूस! यादीत ज्या मालाचं नाव नाही तो त्यांनी उभ्या जन्मात अडवला नव्हता.

पहिले पंधरा दिवस त्यांनी पाइप सिगरेटीसारखाच ओढला. जीभ पोळली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू जमलं. तंबाखूही ते स्वतःच करायचे. पानं चुरायची, गुळाच्या पाण्याचा हात लावायचा, लवंग कुटून घालायची आणि सगळं कोठीच्या फरशीवर सावलीत वाळवायचं. त्या गूळ-लवंगेचा वास वाऱ्यावर पार गावात जायचा. साहेब नाक्यावर आहेत की घरी, हे तामलवाडीच्या बायका वासावरून सांगत.

खोकला कमी झाला. घोटाळा झाला तो दुसराच. सिगरेट संपते, पाइप संपतच नाही. भरा, पेटवा, दाबा, विझला, पुन्हा पेटवा. एका गाडीची तपासणी चालली की मागच्या गाड्या ओढ्यापर्यंत. "एक सिगरेट थांबा" जाऊन आता "पेटू द्या जरा" आलं. गाडीवान बैल सोडू लागले, भाकरी खाऊ लागले, झोपा काढू लागले. लिंबाखाली एक बाई चहा विकायला बसली तीसुद्धा ह्या पाइपाच्या भरवशावर.

पाइपातली जळती तंबाखू साहेब उजव्या अंगठ्यानं दाबायचे. तो अंगठा काळाठिक्कर पडला. साबण, राख, चिंच, काही चालेना. आणि तोच अंगठा टेकवून ते मालाच्या परवान्यावर सही करायचे, त्यामुळं दर परवान्यावर सहीशेजारी एक काळा ठसा उमटायचा. गाडीवानांना वाटलं, हा नवा सरकारी शिक्का. तो ज्या कागदावर नीट उठला नसेल तो कागद ते परत आणायचे. आबा म्हणून तामलवाडीचा एक म्हातारा गाडीवान होता, तो तर हटूनच बसला. "शिक्का न्हाय तर म्या गाडी हाकत न्हाय," म्हणाला.

आता इथं माझं नाव येतं. आबानं मला विचारलं, हा शिक्का कशाचा? मी विशीतला, जिभेला हाड नाही. मी सांगून टाकलं, साहेबांना बढती मिळालीय, आता ते तालुकदाराच्या तोडीचे झाले, म्हणून तर पाइप आणि म्हणून स्वतःचा शिक्का. तालुकदार म्हणजे आमच्याकडचा कलेक्टर. आबानं ते गावात सांगितलं, गावानं पुढच्या गावात. महिन्याभरात लोक नाक्यावर अर्ज घेऊन येऊ लागले. कुणाच्या बांधाचा तंटा, कुणाची म्हैस कोंडवाड्यात. साहेब प्रत्येकाचं ऐकून घेत, पाइप विझेपर्यंत, आणि मग म्हणत, "च्यायला, मी काय करू?" लोकांना ते मोठ्या साहेबाचं बोलणं वाटायचं. मी कोठीत जाऊन पोट धरून हसायचो.

तीन वर्षं ही गंमत चालली. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांची थट्टा करता करता ती आपल्याला आवडू लागतात. मला ते आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगायची तशी रीतही नव्हती.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्याआधीचं वर्ष रझाकार आणि त्यांच्याशी लढणारे अशा दोन्हीकडून वाईट गेलं होतं. गावं जळाली होती, लोकांच्या मनात राग साठला होता. साहेबांनी बेगम आणि मुलींना सोलापूरला मेव्हण्याकडं आधीच पोचवलं. स्वतः मात्र थांबले, नाका टाकून कसं जायचं म्हणून. पावसाळा सरता सरता हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि आमच्या नाक्यावरून पुढं निघून गेल्या. एका जवानानं बांबू उचलून बाजूला टाकला, एवढंच. निजामाचं राज्य संपलं हे आम्हाला त्या बांबूवरून कळलं. नाक्यावरचे शिपाई त्याच दिवशी पळाले.

फौजांच्या मागून बाहेरची माणसं आली. ती गावोगाव फिरून मोठे अंमलदार शोधत होती, आणि सापडलेल्यांचं काय होत होतं ते आमच्या कानावर येत होतं. दुसऱ्या दिवशी आबा धापा टाकत आला. म्हणाला, "त्ये पाइपवाला मोठा सायेब कुठाय म्हून इचारायलेत." मोठा साहेब. मी साहेबांकडं पाहिलं. ती बढतीची थाप माझी, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

मी त्यांना कोठीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. पाइप काढून घेतला. तो वास सगळ्या शिवाराला पाठ होता, कोठीतून धूर निघाला असता तर दवंडीच पिटल्यासारखं झालं असतं. दोन दिवस ते आत होते. मी भाकरी घेऊन जायचो. भाकरी तशीच राहायची. हात थरथरायचे, अंगाला घाम, कोठीच्या त्या गारव्यात. म्हणाले, "मुन्शीजी, भीती न्हाय वाटत. तलब लई वाईट." पाइप मागितला. मी दिला नाही. पुन्हा मागितला. मी दिला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी निघायचं ठरलं. अंधारात गाड्या अडवत होते, दुपारी तेवढी बारकाईनं पाहत नव्हते. आबा कडब्याची गाडी घेऊन आला. साहेबांना धोतर नेसवलं, डोक्याला आबाचाच फेटा बांधला. आबाचा मुका मेव्हणा म्हणून सोलापूरपर्यंत जायचं, म्हणजे बोलायला नको. सगळं झालं, पण साहेबांना गाडीत चढता येईना. पाय ठेवायचे आणि तो चाकावरून घसरायचा, इतका कंप. असा माणूस कुणीही ओळखला असता. माझ्याकडं जप्तीच्या मालातलं सिगरेटचं एक पाकीट होतं. सिगरेट काय, कुणीही ओढतं, तिचा वास कुणाचा नसतो. मी एक काढून दिली.

"कसम हाय," ते म्हणाले.

"आज चालतंय, साहेब," मी म्हणालो. "पोरींकडंच चाललाय न्हवं?"

त्यांनी खूप वेळ सिगरेटीकडं पाहिलं. मग पेटवली. लिंबाखाली उभं राहून ओढली, शेवटपर्यंत, सावकाश. आबा जुवाला हात लावून उभा होता. बैल उभे होते. हात थांबले हळूहळू. थोटूक त्यांनी टाचेखाली दाबलं, कडब्यावर चढून बसले आणि सवयीनं म्हणाले, "जाऊ द्या गाडी." उचलायला बांबू नव्हता. मी नुसताच उभा राहिलो.

दिवस मावळताना आबा परत आला. कडबा गाडीत तसाच होता. त्यानं बैलांना पाणी दाखवलं, मग येऊन बसला आणि जमिनीकडं बघून सांगितलं. ओढ्यावर माणसं नुकतीच येऊन उभी राहिली होती. धोतर पाहिलं, फेटा पाहिला, मुका आहे म्हटलं तर खरं मानलं. जा म्हणाले होते. तेवढ्यात एकजण म्हणाला, हात दाखव.

"अंगठा बगितला," आबा म्हणाला. "शिक्क्याचा सायेब ह्योच, म्हणले."

मग त्यांनी आबालाही खाली ओढलं, आसरा दिला म्हणून. तेव्हा साहेब बोलले. म्हाताऱ्याला काही माहीत न्हाय, मेहेरबानी करून जाऊ द्या गाडी, असं म्हणाले. त्यांनी गाडी जाऊ दिली. थोडं आधी ओढा ओलांडला असता तर, असं आबा पुटपुटला. किती आधी, ते मी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

मी रडलो नाही. रात्री जेवलो. दुसऱ्या दिवशी नाक्याची किल्ली कुणाला द्यायची म्हणून हिंडत बसलो. दुःख येईल येईल म्हणून मी वाट पाहिली, ते काही आलं नाही. आजही साहेबांची आठवण आली की आत काहीतरी बधीर असल्याचं कळतं, दात काढलेल्या जागेसारखं, एवढंच.

रस्ते सुरळीत झाल्यावर पाइप द्यायला सोलापूरला गेलो. बेगमसाहेब पडद्याआड बसल्या होत्या. धाकटी बाहेर येऊन माझ्या हातातून पाइप घेऊन गेली. कोण होते, कुठं, कसं, काही विचारलं नाही बेगमसाहेबांनी. ते सगळं त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं असावं. मी उठायला लागलो तेव्हा पडद्याआडून आवाज आला.

"मुन्शीजी, उनो सिगरेट तो नै पिये ना?"

धाकटी पडद्याला धरून उभी होती. माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "शेवटपर्यंत नाही."

आतून एक हात आला आणि तिच्या डोक्यावरून फिरला. मग तिला चहा आणायला सांगितलं.